कातडे कमावण्याआधी



माझा एक जुना विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यात कागदांची चळत घेऊन घरी आला. वाडवडील कातडी कमावणारे. हा पदवीधर झाला, दोन वर्षे नोकरी शोधली, आणि आता गावातच चर्मालय काढायचे म्हणतो. कागदावर शेड होती, वीज होती, कर्जाचा हप्ता होता. मी विचारले, "पाणी कुठून आणणार आणि कुठे सोडणार?" तो म्हणाला, "सर, ओढा आहे की शेजारी!"

तिथेच आमची बैठक दोन तास लांबली.

हिशेब साधा आहे. आठवड्याला २० कातडी, प्रत्येकी २० किलो. म्हणजे ४०० किलो माल. भिजवणे, चुन्यात घालणे, केस व मांस काढणे, पुन्हा धुणे, या सगळ्यांत किलोमागे साधारण ३० ते ४० लिटर पाणी लागते. म्हणजे आठवड्याला १२ ते १६ हजार लिटर. जितके येते, जवळजवळ तितकेच बाहेर जाते. पण आता त्यात चुना, केस, मीठ आणि सालीचा काळपट अर्क असतो. चुना हौदात बसवून काढता येतो. मीठ मात्र गाळून निघत नाही. ओढ्यात सोडले की खालच्या विहिरीत गेलेच म्हणून समजा. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती शेड बांधण्याआधीच घ्यावी लागते. पण कायदा नसता तरी त्या विहिरीवर आपलीच माणसे पाणी भरतात ना?

दुसरी गोष्ट वेळेची. क्रोमच्या क्षारांनी फिरत्या पिंपात कातडे दिवसा-दोन दिवसांत कमावले जाते. कोल्हापुरी चपलेचे चामडे तसे होत नाही. कातडे पखालीसारखे शिवायचे, आत बाभळीची साल नि हिरडा भरायचा, टांगायचे, आणि झिरपलेले पाणी पुन्हा वरून ओतायचे. सगळे धरून पाच आठवडे लागतात असे माना. म्हणजे कायम १०० कातडी कामात अडकलेली! शिवाय गिऱ्हाईक उधारी मागणार ते वेगळेच. माझ्या विद्यार्थ्याने पहिला हप्ता दुसऱ्याच महिन्यात धरला होता.

आता कच्चा माल. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ पासून बैल-वळूही त्यात आले. तेव्हा भिस्त म्हशीच्या व शेळीच्या कातड्यावर आणि मेलेल्या जनावरांवर. मेलेल्या जनावरांच्याच कातड्यांचे चर्मालय वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीजींच्या प्रेरणेने निघाले होते. पण तिथे घड्याळ आडवे येते. जनावर मेल्यापासून काही तासांतच कातडे कुजू लागते. सोलल्याबरोबर वजनाच्या तीस-चाळीस टक्के मीठ आतल्या बाजूला चोळले नाही, तर पुढे कितीही हिरडा घाला, केसांबरोबर वरचा पापुद्राही सुटून येतो.

शेतकरी बंधूंना एवढेच सांगेन, की पुठ्ठ्यावर डाग देऊ नका. तिथलेच चामडे सर्वांत जाड आणि मोलाचे असते. गोचिडांची भोकेही चामड्यावर उतरतात, आणि भाव पडतो तो त्याचमुळे.

आणि गुरुजींनो, वर्गात तन्तुमय प्रथिनांचा पाठ असेल तेव्हा या मुलांना पुढे बोलवा. ज्या पोराच्या घरी हे रसायन रोज घडते, ते बहुधा मागच्या बाकावर गप्प बसलेले असते. माझा विद्यार्थीही तसाच बसायचा. वडिलांचा धंदा काय, हे त्याने मला कॉलेजात असताना कधी सांगितले नाही.

परवा तो पुन्हा आला होता. आता आठवड्याला १० कातडी, दोन पक्के हौद, आणि हप्ता सातव्या महिन्यापासून. चुन्याचा गाळ वाळवायलाही जागा धरली आहे. आई मात्र अजून म्हणते, "शिकलास कशाला मग?" त्याला उत्तर त्याने काय दिले ते मी विचारले नाही. जागा गावापासून लांब, मुरमाड माळावर मिळते आहे. पण तो माळ पडतो गायरानात, आणि ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे.