काटा कुणाच्या अंगणात?

(गोवंडी येथे गावाकडच्या मंडळींपुढे केलेले भाषण. जिल्हा बैठकीत वाचण्यासाठी.)



गोवंडीला आम्ही आलो ते तुमचे आभार मानायला. तुमच्यातले काही 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आले, काही पुढे कपाशीने घर धुतले तेव्हा आले. इथल्या एवढ्याशा खोल्यांत राहून तुम्ही गावासाठी वर्गणी काढली. कापूस मोजायला काटा घ्या आणि ओल मोजायला मीटर घ्या म्हणालात. पैसे पोचले. काटा विकत घेणे सोपे आहे. तो कुणाच्या हाती द्यायचा, यावरून मात्र गावात धुसफूस चालू आहे, आणि त्यात आमचाही पाय अडकला आहे. ते तुमच्या कानावर घालावे म्हणून उभे राहिलो.

वशिला म्हटले की आपल्याला एवढेच दिसते, लायक माणूस बाहेर राहिला आणि नालायक खुर्चीत बसला. पण नुसत्या ओळखीला आम्ही नावे ठेवत नाही. तुम्हालाही इथे पहिले काम कुणा गाववाल्याच्या, कुणा साडूच्या शब्दावरच मिळाले असेल. परक्या शहरात ओळखीशिवाय दारात उभे कोण करतो? सफाई कामगाराच्या वारसाला लाड-पागे समितीच्या शिफारशीने नोकरी मिळते, तोही वशिला नव्हे. तो लिहिलेला नियम आहे आणि ओळख असो नसो, सारखा लागू आहे. (त्या नोकरीसाठी कुठल्या मंत्र्याचा पुतण्या रांगेत उभा राहिल्याचे आम्ही अजून ऐकले नाही.) आमचे भांडण आहे ते माप बिघडवणाऱ्या वशिल्याशी.

याच मुंबईत घडलेली गोष्ट घ्या. 1985 साली शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री होते. त्यांची मुलगी मुंबई विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेला बसली होती. तिचे गुण वाढवले गेले म्हणून दुसरा एक उमेदवार उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च 1986 मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांचा स्वतःचा हात त्यात किती, हा वाद पुढे वरच्या कोर्टापर्यंत गेला. आम्हाला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. मोठ्या माणसाने तोंडाने सांगावे लागतेच असे नाही. साहेबांना काय आवडेल हे खालची माणसे आपणच ताडतात आणि लेखणी आपोआप वळते. अशी लेखणी वळली की गुणपत्रिकेवरचा आकडा खरा की खोटा हे कुणालाच कळत नाही. बाळंतपणाला जिच्या हाती आपली लेक सोपवायची, त्या डॉक्टरची परीक्षा होती ती.

दुसऱ्याचे पुष्कळ झाले. आता आमचे ऐका.

शेतकीची पदवी घेऊन आम्ही नोकरीला लागलो तेव्हा एका गावात हायब्रीड कपाशीचे कोरडवाहू प्रात्यक्षिक घ्यायचे होते. नियम होता की जमीन हलकी ते मध्यम असावी, शेतकरी लहान असावा आणि ओलिताची सोय नसावी. वरून नाव आले ते गावच्या पुढाऱ्याच्या भावाचे. जमीन काळी, भारी, आणि बांधाला विहीर. आम्ही कुरकुर केली. साहेब म्हणाले, बी-खत फुकटच द्यायचे आहे, कुणाला दिले तर काय बिघडते? त्या साली कपाशी पात्याफुलांवर असताना पावसाने तीन आठवडे दडी मारली. गड्याने रात्री मोटार लावून दोन पाणी दिले. वेचणी झाली, एकरी आठ क्विंटल उतरले. रजिस्टरात रकाना होता, 'ओलीत की कोरडवाहू'. आम्ही 'कोरडवाहू' लिहिले. खाली सही आमची.

बी-खताची दोन पोती गेली, तेवढाच तोटा, असे आम्हालाही वाटले होते. पण तो आकडा मेळाव्यात फळ्यावर लागला. पुढच्या हंगामात मुरमाड रानातल्या माणसांनी ज्वारी मोडून तेच बी लावले, खताला उधारी केली. पाऊस पुन्हा उघडला, बोंडे गळाली. कापूस तर गेलाच, पण ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, आणि कडबा नाही म्हणून उन्हाळ्यात बैल बाजारात गेले. एका म्हाताऱ्याने आम्हाला एवढेच विचारले, "साहेब, आमचं काय चुकलं?" त्याचे काही चुकले नव्हते. आम्ही त्याला तेव्हा उत्तर दिले नाही.

संस्थेत हेच होते. सोसायटी असो, बँक असो की आपली संघटना. सचिवाचा मेव्हणा वसुलीला नेमला की त्याच्या वहीतली चूक कुणी दाखवत नाही. शिपाई बोलत नाही, मग कारकून बोलत नाही, पुढे सभासद सभेला येणेच सोडतो. संस्था बुडते त्या दिवशी सगळे म्हणतात, आम्हाला माहीत होते.

आता काट्याकडे येतो. सीसीआयच्या खरेदीत कापसाची ओल आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे बारापर्यंत कपात, आणि बाराच्या वर गेली की गाडी परत. गाडी जुंपण्याआधी घरच्या मीटरवर खरा आकडा कळला, तर कापूस आणखी दोन दिवस वाळवता येतो आणि भाडे वाचते. तुमच्या पैशाचा उपयोग हा आहे. पण हा आकडा सांगणाऱ्यावर गावाचा विश्वास नसेल, तर ते मीटर पोरांचे खेळणे होईल.

काटा सांभाळायला नाव पुढे आले आहे आमच्या भाच्याचे. पोरगा हुशार आहे, हात स्वच्छ आहे. नाव सुचवणाऱ्यांनी आम्हाला विचारले नव्हते. आम्हाला बरे वाटेल असे त्यांनी धरले. खोटे कशाला बोला, वाटलेही.

ज्यांना काम करायचे आहे त्यांनी येत्या जिल्हा बैठकीत चारचौघांसमोर मीटर लावून दाखवावे, वही लिहून दाखवावी. जमेल त्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकून लहान पोराकडून एक उचलावी. काटा देवळासमोरच्या पारावर ठेवावा, कुणाच्या अंगणात नको. वही दर अमावास्येला मोठ्याने वाचावी, आणि तिची एक प्रत इथे गोवंडीला यावी. पैसे तुमचे आहेत. आमचा भाचाही चिठ्ठीत राहील. निवड चालू असेल तोवर आम्ही बाहेर बसू.

बहीण रागावली आहे. तिचे आम्ही बघून घेऊ.