अपघाताच्या दाव्यासाठी वकील निवडताना



हाड मोडलेला माणूस अजून ऑपरेशन थिएटरमध्ये असतो आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या भावाच्या हातात कुणीतरी कार्ड ठेवतं. "दादा, काळजी करू नका, आमचे साहेब सगळं बघतात. आत्ता एक रुपया द्यायचा नाही. पैसे आले की बघू." कार्ड देणारा स्वतः वकील नसतो. कधी तो दवाखान्यात वावर असलेला कुणी असतो, कधी आपल्याच गावचा. त्या गडबडीत वकीलपत्रावर सही होते, जोडीला दोन-चार कोऱ्या कागदांवरही होते. वर्षभरानं विचारावं, तर घरच्यांना आपल्या वकिलाचं पूर्ण नाव सांगता येत नाही. जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवण्यात माझी हयात गेली. म्हणून आज या पहिल्या सहीबद्दल बोलायचं ठरवलं.

अशी माणसं पाठवून पक्षकार गोळा करायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. "पैसे आले की बघू" याचा अर्थ बहुधा भरपाईतला ठरावीक हिस्सा असा असतो, आणि त्यालाही मनाई आहे. अमेरिकेत जखमींचे वकील टक्केवारीवर काम करतात, ते तिथल्या कायद्याला मान्य आहे. आपल्याकडे निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटा मागता येत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका महिलेचं प्रकरण आलं. नवरा अपघातात गेलेला. भरपाई मिळाली, वकिलानं दहा लाख रुपये फी घेतली आणि वर आणखी तीन लाखांचा चेक लिहून घेतला. तो वटला नाही, तेव्हा तिच्यावरच फौजदारी केली. न्यायालयानं ती फौजदारी रद्द केली आणि टक्केवारीची फी बेकायदा आहे, असं स्पष्ट सांगितलं. तेव्हा फी आधी आकड्यात ठरवा. हप्त्यानं देऊ म्हणा, पण आकडा कागदावर घ्या आणि दिलेल्या पैशांची पावती मागा. यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. नेक वकिलाला तो प्रश्न खटकत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दाव्यात वकिलाचं खरं काम कुठलं? पुष्कळांना वाटतं, जोरदार भाषण करणारा वकील हवा. माझा अनुभव वेगळा आहे. अपघात दाव्यात रक्कम ठरते ती पुराव्यावर आणि हिशेबावर, आणि तो पुरावा पक्षकाराच्या आयुष्यातून वेचून आणावा लागतो.

एक उदाहरण मांडतो. चौतीस वर्षांचा गवंडी. महिन्याची कमाई पंधरा हजार, म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार. वय चाळिशीच्या आत आणि काम स्वतःचं, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी चाळीस टक्के मिळवायचे. झाले दोन लाख बावन्न हजार. सर्वोच्च न्यायालयानं २००९ साली वयानुसार गुणकांचा तक्ता घालून दिला, त्यात एकतीस ते पस्तीस वयाला गुणक आहे सोळा. गुणाकार येतो चाळीस लाख बत्तीस हजार. आता याच्या घोट्याचं हाड असं मोडलं की पाय पूर्वीसारखा वळत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्व आहे वीस टक्के. वकिलानं एवढा दाखला लावून दिला आणि तेवढ्यावरच निकाल लागला, तर कमाईच्या नुकसानीपोटी मिळतील आठ लाख सहा हजार चारशे.

पण हा माणूस परांचीवर चढतो. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का हे बघायला दोन मजले वर उभा राहतो. घोटा वळत नसेल तर त्याला परांची बंद. खाली बसून विटा ओल्या करायच्या आणि माल कालवायचा, एवढंच काम उरतं, आणि त्याची मजुरी निम्मीही नसते. शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं अपंगत्व यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयानं २०१०च्या निकालात फार स्वच्छ मांडला आहे. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुतार कामातून पुरता उठू शकतो, कारकून मात्र नोकरी टिकवू शकतो, असा तिथला दाखला आहे. आमच्या गवंड्याच्या बाबतीत दावा ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला कमाईचं नुकसान साठ टक्के पटलं, तर तीच रक्कम होते चोवीस लाख एकोणीस हजार दोनशे. पाय तोच, डॉक्टर तोच, अपघात तोच. सोळा लाखांचा फरक पडला तो एका प्रश्नानं: "तुम्ही दिवसभर नक्की काय काम करता?"

हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारणारा वकील शोधा. तो मुकादमाला साक्षीला बोलवील, कारण रोजंदारीची नोंद बहुधा त्याच्याच वहीत असते. डॉक्टरांना न्यायालयात आणण्याची तजवीज करील. नुसता दाखला जोडून भागत नाही, विमा कंपनीच्या वकिलाला डॉक्टरांची उलटतपासणी घेता आली पाहिजे. शेतकरी जखमी असेल, तर कंपनी म्हणते, जमीन आहे तिथेच आहे, उत्पन्न कुठे बुडालं? तेव्हा नुसता सातबारा कामाचा नाही. पूर्वी औत कोण धरायचं, पाळीचं पाणी रात्री कोण द्यायचं, आता त्यासाठी मजूर किती लावावे लागतात, हे साक्षीतून यायला हवं. आणि जखमी गृहिणी असेल, तर "त्या काही करत नाहीत" हे वाक्य वकिलानं घरच्यांना उच्चारूही देऊ नये. घरकामाचं मोल धरलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. हे सांगताना मला अजूनही राग येतो, कारण हे वाक्य मी नवऱ्यांच्या तोंडून फार ऐकलं आहे.

वकील जवळचा असावा. मुलगा बंगळुरूला नोकरीला असताना तिथे अपघात झाला, तरी दावा तिकडेच लावावा लागतो असं नाही. अपघाताच्या ठिकाणाखेरीज दावेदार राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. साताऱ्याच्या माणसानं साताऱ्यात दावा लावावा. तारखेला जाणं-येणं परवडलं, तरच माणूस आपल्या केसवर नजर ठेवू शकतो.

मुदतीचं मात्र हलक्यानं घेऊ नका. १ एप्रिल २०२२ पासून, अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची अट कायद्यात परत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. व्याजसुद्धा अर्जाच्या तारखेच्या मागचं मिळत नाही. दुसऱ्या बाजूनं, सहा महिने म्हणजे दवाखान्याच्या बाकावर सही करण्याइतकी घाईही नव्हे. पेशंट घरी येऊ द्या. तोवर डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, एक्स-रे, फिर्यादीची आणि पंचनाम्याची नक्कल एका पिशवीत जमा करा. पोलिसांनी ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा, असा नियम आहे. ते अहवाल गेले का, हे तपास अंमलदाराला विचारा. मूळ कागद वकिलाला देताना यादी करून पोच घ्या. पुढे वकील बदलावासा वाटला, तर फी थकली या कारणानं तुमचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क त्याला नाही. २००० सालीच सर्वोच्च न्यायालयानं हे ठरवलं आहे.

तडजोडीबद्दल थोडं. लोकअदालतीत पैसे लवकर मिळतात आणि पुष्कळदा ते हिताचंच असतं. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी वकिलाला म्हणा, "साहेब, केस चालली तर काय मिळेल, त्याचा हिशेब कागदावर मांडून दाखवा." गवंड्याचा मांडला, तसाच. तो हिशेब दहा मिनिटांचा आहे. मांडून न दाखवता "घ्या, मिळतंय ते घ्या" म्हणणाऱ्याच्या शब्दावर सही करू नका.

आणि ज्यांच्याकडे फीचे पैसेच नाहीत, त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावं. १९८७च्या कायद्यानं स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. बाईला तर घरचं उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो. अपघातात कमावता माणूस गेलेल्या कितीतरी घरांत अर्जदार बायकोच असते आणि तिला हे कुणी सांगितलेलं नसतं. कार्यालय सापडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन लावा. तिथून मिळालेल्या वकिलालाही हेच प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.