एक पुडी बियांची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

प्लॅस्टिकच्या पिशव्या घरोघरी येण्यापूर्वी आपला निम्माअधिक संसार पुड्यांमधून चालत असे. वाण्याकडची हिंगाची पुडी, वैद्यांच्या औषधाची पुडी, देवळातल्या अंगाऱ्याची पुडी. त्यांच्याच जोडीला घरात आणखी एक पुडी असे, ती बियांची. दोडक्याचे, घेवड्याचे, लाल माठाचे बी कागदात बांधून फडताळात ठेवलेले असे आणि पावसाची चाहूल लागली, की ते बाहेर निघे. शेजारीण मागायला आली, की तिलाही त्यातले चिमूटभर मिळे.

आज गच्चीवर, खिडकीत, सोसायटीच्या आवारात भाजीपाला लावणारी मंडळी पुष्कळ झाली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण बी मात्र दर हंगामाला दुकानातून विकत येते. घरोघरी राखलेले जे वाण होते, ते राखणाऱ्या हातांबरोबरच संपत चालले आहेत. म्हणून आज मला या साध्या पुडीविषयी बोलायचे आहे.

पहिला प्रश्न असा, की बी कशाचे धरावे? संकरित वाणाच्या फळातले बी धरून उपयोग होत नाही. ते उगवते, पण पुढची झाडे आईबापांच्या गुणांवर कशीही विभागून जातात. तेव्हा बी धरायचे ते देशी किंवा सुधारित सरळ वाणाचे. नवशिक्यांनी वाल, घेवडा, चवळी आणि टोमॅटोपासून सुरुवात करावी. यांचे परागीकरण बहुतेक करून त्याच फुलात होते, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. काकडी, भोपळा, दोडका यांचे काम मधमाश्यांवर चालते. शेजारच्या गच्चीत दुसऱ्या जातीची काकडी असेल, तर पुढच्या वर्षी दोहोंचे मिश्रण हाती येण्याचा संभव असतो.

बियाला राखायचे फळ वेलावरचे उत्तम फळ असावे. मोहाला बळी न पडता ते तसेच राहू द्यायचे. घरातल्या दुसऱ्या कोणी ते चुकून तोडू नये, म्हणून पूर्वी बायका त्याला रंगीत चिंधी बांधून ठेवत. वांगे आणि काकडी पिवळी पडेपर्यंत, दोडका वाळून खुळखुळेपर्यंत थांबावे लागते. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस वाटीत आंबू द्यावा, म्हणजे बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण सुटते. मग बी धुऊन बशीत पसरावे. आणि शक्यतो एकाच झाडाचे बी न धरता चार-पाच झाडांचे एकत्र करावे.

यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची, ती म्हणजे वाळवणे. बियांचा खरा शत्रू ओलावा आहे. हॅरिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सांगितलेला एक ठोकताळा बीजशास्त्रात आजही वापरतात. बियांतला ओलावा एक टक्क्याने उतरला, की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. आणि साठवणीचे तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरले, तरीही ते दुप्पट होते. म्हणून बी सावलीत, वाऱ्यावर आठ-दहा दिवस चांगले वाळवावे. वालाचा दाणा दाताखाली धरला असता दबता कामा नये. भोपळ्याचे बी वाकवले तर कट्‌कन मोडावे. एवढे वाळल्यावरच पुडी बांधायची.

आता पुडीची कृती सांगतो. जवळ कागद असेल तर हाताने करतच ऐका. पाठकोरा कागद चालेल, जुन्या कॅलेंडरचे पान तर फारच चांगले, कारण त्याच्या गुळगुळीत पाठीवर माठासारखे बारीक बी चिकटत नाही. साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा घ्या. त्याचा एक कोपरा आपल्याकडे येईल असा तो पुढ्यात ठेवा. खालचा कोपरा वरच्या कोपऱ्यावर नेऊन घडी घाला. त्रिकोण झाला आणि त्याची लांब बाजू आपल्याकडे आली. आता उजवा कोपरा उचलून समोरच्या डाव्या तिरक्या कडेवर, मध्याच्या जरा वर टेकवा. दुमडलेल्या भागाची वरची कड खालच्या घडीला समांतर आली, म्हणजे बरोबर जमले. मग डावा कोपरा तसाच उजवीकडे न्या आणि त्याचे टोक पहिल्या दुमडीच्या खिशात खोचा. वर दोन टोके उरली. त्यांतले पुढचे टोक पुढे दुमडून खिशात सारा. पेल्यासारखे तोंड उघडेल. त्यात बी घाला आणि मागचे टोकही पुढे घेऊन त्याच खिशात खोचून टाका. डिंक नको, टाचणी नको. तळाला आणि दोन्ही बाजूंना घडीच असल्यामुळे बी सांडत नाही. तुळशीसारखे अगदी बारीक बी असेल, तर लहान पुडी करून ती मोठ्या पुडीत ठेवावी.

कागदच कशाला, असे कोणी विचारील. बियांत थोडा ओलावा उरला असेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत तो कोंडतो आणि बुरशी धरते. कागदातून तो बाहेर पडतो. पण कागदाचा हा गुण पावसाळ्यात उलटतो. कोकणात, मुंबईत जूनपासून हवाच इतकी दमट होते, की कागद बाहेरचा ओलावा आत ओढतो. म्हणून मे महिना संपण्यापूर्वी सगळ्या पुड्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत घालाव्यात. तळाशी भाजून थंड केलेल्या तांदळांची पुरचुंडी ठेवावी, म्हणजे आतला ओलावा ती शोषून घेते. बरणी फ्रीजमध्ये ठेवली तर उत्तमच. मात्र बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर थंड बियांवर दव धरते. कडधान्यांना भुंगेऱ्यांचे भय असते. त्यासाठी आपल्याकडे चाळलेली राख मिसळत. दाण्यांमधल्या फटी राखेने भरल्या, की किड्याला हालचाल करता येत नाही.

काही बिया मात्र पुडीत राहतच नाहीत. आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाचे आणि कढीपत्त्याचे बी वाळले, की मरते. ते ताजेच लावले पाहिजे. कांद्याचे बीही वर्षभरात दुबळे होते.

आता पुडीवर काय लिहायचे ते सांगतो. बहुतेक जण इथे कंटाळा करतात, आणि माझ्या मते अर्धी पुडी तर त्या लिहिण्यातच आहे. बी भरण्यापूर्वीच, शिसपेन्सिलीने लिहावे. शाई ओलीने पसरते, पेन्सिल पसरत नाही. नुसते ‘वाल’ लिहून भागत नाही. कोणता वाल, कोणाकडून, कोणत्या गावाहून आला, कोणत्या महिन्यात आणि वर्षी धरला, केव्हा पेरतात, हे सारे हवे. घरात त्या वाणाला जे नाव असेल ते जसेच्या तसे लिहावे. शेजारी दुसरी काकडी होती, तर तेही लिहावे. बी हरवले तर एखाद्या वेळी दुसरीकडे सापडते. पण नाव हरवले, की समोर असलेले बीही ओळखता येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी आपल्या घरीच देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे काम शाळेची पायरी न चढलेल्या एका आदिवासी शेतकरी बाईंनी केले आहे. बी कोणते, ते केव्हा पेरायचे आणि कसे राखायचे, हे ज्ञान त्यांच्यासारख्या बायकांच्या हाती होते. ते आपण वेळेवर विचारले नाही, तर त्यांच्याबरोबरच जाते.

शासनाचीही व्यवस्था आहे. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बियाणे उणे १८ अंशांवर ठेवतात. ते आवश्यकच आहे. पण शीतपेटीतले बी थांबून राहते, आणि दरवर्षी पेरलेले बी बदलत्या पावसाशी, नव्या रोगांशी जमवून घेत जाते. दोन्ही हवे. कायद्यानेही ही वाट मोकळी ठेवली आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१, यात आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, त्याची देवाणघेवाण करण्याचा आणि ते विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. संरक्षित वाणाचे बी नाममुद्रा लावून तेवढे विकता येत नाही.

एकाच घरातले बी कधीच सुरक्षित नसते. एक पावसाळा वाईट गेला, उंदराने बरणी लवंडली, घर बदलताना डबा राहून गेला, की संपले. तेच बी पाच घरांत असेल, तर आपले गेले तरी मागून आणता येते. म्हणून वाटणे हा बी राखण्याचाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. देण्यापूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात बांधून आठवडाभर पाहाव्यात. सात-आठ उगवल्या, तर खुशाल द्याव्यात.

आणि द्यायला मुहूर्तही आपल्याकडे तयारच आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते, वाण लुटतात. पावसाळी भाज्यांचे बी तोवर वाळून तयार झालेले असते, हवाही कोरडी असते. प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी या वर्षी बियांची एकेक पुडी लुटून पाहा. आपल्या भाषेत देण्याच्या वस्तूलाही वाण म्हणतात आणि बियांच्या जातीलाही वाणच म्हणतात. पुडी घेणाऱ्या प्रत्येकीला एवढेच सांगा, की पुढच्या संक्रांतीला यातलेच दोन दाणे मला परत हवेत. माझ्याकडचे गेले असेल, तर उपयोगी पडतील.