धुरावाटे जाणारी मिळकत

एखाद्या गरीब कुटुंबाचा महिन्याचा हिशेब मांडावयास बसले म्हणजे धान्य, घरभाडे, औषधपाणी आणि मुलांची पुस्तके एवढ्या रकमा चटकन पुढे येतात. सरपण, रॉकेल, गॅस आणि वीज ह्यांचा खर्च बहुधा शेवटी आठवतो. आणि जे जळण विकत न घेता रानातून वेचून आणले जाते, त्याची तर कोठे नोंदच होत नाही. डोक्यावरून मोळी आणणाऱ्या बाईचे त्यापायी किती दिवस गेले, त्या दिवसांत तिची किती मजुरी बुडाली, फुंकणी फुंकून तिच्या डोळ्यांची काय अवस्था झाली, हे कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. तरी पण घराच्या दारिद्र्याचा एक मोठा भाग ह्याच कोऱ्या रकान्यात दडलेला असतो.

ह्या प्रकारच्या दारिद्र्याला इंग्लंडात एक स्वतंत्र नाव मिळाले आहे. त्याला तेथे इंधन-दारिद्र्य म्हणतात. ब्रेंडा बोर्डमन ह्या विदुषींनी १९९१ साली ह्याच विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी ज्या कुटुंबाला आपल्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक रक्कम इंधनावर खर्च करावी लागेल, ते कुटुंब इंधनाच्या बाबतीत दरिद्री समजावे, ही कसोटी त्यांच्या विवेचनामुळे तेथे रूढ झाली. पुढे २००० साली पार्लमेंटाने ह्या प्रश्नावर कायदाही केला. ह्या विवेचनातील मर्माची गोष्ट अशी की, गरिबाचे इंधन केवळ महाग असते म्हणून तो नाडला जात नाही. त्याचे घर उष्णता राखू शकत नाही, म्हणून तीच ऊब मिळविण्यासाठी त्याला अधिक इंधन जाळावे लागते. बिलापुरती रोख मदत दिली तर ती खिडकीच्या फटींतून निघून जाते आणि पुढल्या हिवाळ्यात पुन्हा द्यावी लागते. घर सुधारले तर मात्र गरजच कमी होते, आणि ती दरवर्षी कमी राहते.

आपल्याकडे थंडी हा ह्या प्रश्नाचा मुख्य भाग नव्हे. ग्वाल्हेर-इंदुराकडची काही आठवड्यांची थंडी सोडली, तर आपला प्रश्न चुलीपाशी सुरू होतो आणि छपरापाशी संपतो. तत्त्व मात्र तेच आहे. ज्याच्यापाशी पैसा कमी त्याच्या घरी उष्णतेची नासाडी अधिक, आणि त्या नासाडीची किंमत तोच भरतो.

तीन दगडांची किंवा साधी मातीची चूल घ्यावी. तिच्यात जळणाऱ्या लाकडातील उष्णतेपैकी सुमारे दहावा हिस्साच भांड्यातील अन्नाला पोचतो. म्हणजे दहा मोळ्या आणल्या तर स्वयंपाक एका मोळीवर होतो आणि नऊ मोळ्या वाया जातात! ह्या नऊ मोळ्या जातात कोठे? काही उष्णता भांड्याच्या बाजूंनी वर निघून जाते, काही चुलीची माती आणि भोवतालची हवा तापविण्यात खर्च होते, आणि काही तर उष्णता म्हणून प्रकटच होत नाही. लाकडाला पुरेशी हवा व पुरेशी आच मिळाली नाही की त्यातून निघणारे वायू न जळताच बाहेर पडतात. धूर तो हाच. धूर म्हणजे न जळलेले जळण होय. तो डोळ्यांत जातो तेव्हा मिळकतीचा एक भागच डोळ्यांत जात असतो, आणि तेथून तो छातीत उतरतो. घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ह्या धुराचे चटके सर्वांत अधिक बसतात ते रांधणाऱ्या बाईला आणि तिच्या कडेवरच्या मुलाला.

आपल्या बायकांना ही नासाडी कळत नव्हती असे मात्र कोणी समजू नये. मराठी घरांतील जुन्या चुलीला शेजारी वैल असे. मुख्य जाळावर भाकरी भाजली जाई आणि उरलेल्या आचेवर वैलावर आमटी मुरे. वाया जाणारी उष्णता दुसऱ्या भांड्याला द्यावयाची, ही शास्त्रशुद्ध कल्पना आपल्या स्वयंपाकघरात फार जुनी आहे. पुढे सुधारकांनी ह्याच कल्पनेला धुरांड्याची जोड दिली. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्यातील मगनवाडीत १९४० च्या दशकात 'मगन चूल' तयार झाली. हैदराबादेतील इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू ह्यांनी बिनधुराच्या चुलीवर काम करून १९५३ साली त्याविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. एका जाळावर अनेक भांडी ठेवावयाची आणि धूर धुरांड्यावाटे छपराबाहेर काढावयाचा, अशी त्या चुलीची रचना होती. कोट्यवधी घरांची स्वयंपाकघरे धूरमुक्त व्हावीत, अशी राजूंची दृष्टी होती.

ही दृष्टी सरकारी योजनेत उतरावयास तीस वर्षे लागली. १९८३ च्या अखेरीस सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. चुलीची निम्मी किंवा त्याहून अधिक किंमत सरकार देई. २००२ साली केंद्राने तो कार्यक्रम थांबविला, तोपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या होत्या. आकडा मोठा खरा. परंतु बसविलेल्या चुली आणि पेटणाऱ्या चुली ह्यांत पुष्कळ अंतर पडले. उद्दिष्ट चुलींच्या संख्येचे होते. चूल बसली की नोंद झाली, आणि नोंद झाली की काम संपले. धुरांड्यात काजळी साठली, मातीला तडे गेले, जाळ नीट लागेना, तेव्हा दुरुस्तीला कोणी आले नाही. मोठ्या तव्याला चुलीचे तोंड लहान पडले, तर बाईने ते आपल्या हाताने फोडून मोठे केले, आणि त्याबरोबर चुलीचे सारे गणितही फुटले.

पुढे ओडिशात काही अर्थशास्त्रज्ञांनी सुधारित चुलींचा अनेक वर्षे मागोवा घेतला. त्यांनाही हेच दिसले. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. नंतर चुलींची देखभाल होईना, वापर घटत गेला, आणि लाभ नाहीसा झाला. ह्याच्या उलट चीनमध्ये १९८० नंतरच्या काळात बारा कोटींहून अधिक चुली बसल्या. तेथे ठरावीक तालुके निवडून काम झाले, स्थानिक कारागीर तयार करण्यात आले, आणि चुलीचा बहुतेक खर्च कुटुंबांनी स्वतः केला. ज्या वस्तूसाठी माणसाने पैसा मोजलेला असतो आणि जिची दुरुस्ती गावातच होते, ती वस्तू अधिक काळ टिकते. अनुदान बंद झाल्यावर महाराष्ट्रातही, पुण्याच्या 'आरती' ह्या संस्थेने डॉ. आनंद कर्वे ह्यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रामीण कारागिरांना चुली तयार करून विकण्याचे शिक्षण दिले, त्यामागे हाच विचार होता.

ह्यानंतरचे मोठे पाऊल गॅसचे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. गरीब घरातील प्रौढ स्त्रीच्या नावे गॅसची जोडणी द्यावयाची, ही तिची मुख्य कल्पना. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटी जोडण्यांचा टप्पा गाठला गेला आणि पुढे ही संख्या दहा कोटींच्या वर गेली. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फुंकणी होती तेथे निळी ज्योत आली, हे लहान काम नव्हे. परंतु महालेखापालांच्या २०१९ च्या अहवालात असे दिसून आले की, ह्या कुटुंबांत वर्षाला सरासरी तीनच्या आसपास सिलिंडर भरून घेतले जात होते. एवढ्यात पाच-सहा माणसांचा वर्षभराचा स्वयंपाक होत नाही. म्हणजे गॅस आला, पण चूल गेली नाही. चहा आणि पाहुण्यांचे पोहे गॅसवर, आणि भाकरी, डाळ व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी अनेक घरांत झाली.

ह्याला हट्ट किंवा अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या हाती आठवड्याला थोडे थोडे पैसे येतात. सिलिंडरला मात्र सारी रक्कम एकदम मोजावी लागते. काटक्या, तुराट्या, गोवऱ्या ह्यांना रोख पैसा लागत नाही; लागतो तो बाईचा वेळ, आणि तिच्या वेळेला बाजारात भाव नसतो. सरकारने मे २०२२ पासून उज्ज्वलेच्या सिलिंडरमागे दोनशे रुपये अनुदान दिले व ऑक्टोबर २०२३ मध्ये ते तीनशे केले, ते ह्या अडचणीची जाणीव ठेवूनच. पाच किलोंचा लहान सिलिंडर घेण्याची सोयही ह्याच दृष्टीने महत्त्वाची आहे. किराण्याप्रमाणे इंधनही बेताबेताने घेता आले पाहिजे.

विजेच्या बाबतीत एक उदाहरण विशेष बोलके आहे. एल्‌ईडी दिव्याला सुरुवातीला किंमत फार पडे, म्हणून गरीब घरे वीज खाणारा जुना दिवाच स्वस्त समजत. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने हे दिवे एकगठ्ठा खरेदी केले. २०१४ साली जो दिवा खरेदीत ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. अनेक ठिकाणी त्याची किंमत वीजबिलातून हप्त्याने फेडण्याची मुभा होती. साठ वॅटच्या जुन्या दिव्याऐवजी नऊ वॅटचा दिवा रोज पाच तास लावला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिटांची बचत होते. येथे गरिबाला उपदेश करावा लागला नाही. पहिल्या दिवशीची किंमत, ही जी खरी अडचण होती, तीच दूर केली गेली.

उन्हाळ्यात छपराचा प्रश्न उभा राहतो. पत्र्याचे छप्पर वैशाखात तापते आणि ती उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत उतरत राहते. मग पंखा रात्रभर चालतो आणि तरीही झोप येत नाही. छपराला पांढरा चुना किंवा उन्हे परतविणारा रंग दिला, तर पुष्कळसे ऊन वरच्या वर परत जाते. अहमदाबादने २०१३ साली उष्णतेच्या लाटेला तोंड देण्याची योजना आखली आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम त्यात सामावले. हैदराबादेतही एका वस्तीत असा प्रयोग झाला व २०२३ मध्ये तेलंगण सरकारने थंड छपरांचे पाच वर्षांचे धोरण जाहीर केले. येथे एक पेच मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. पुष्कळ गरीब माणसे भाड्याने राहतात. छप्पर मालकाचे आणि उकाडा व वीजबिल भाडेकरूचे. तेव्हा छपरावर पैसा खर्च करावा असे दोघांपैकी कोणालाच वाटत नाही. हा पेच नगरपालिकेने किंवा वस्तीतील संस्थेने पुढाकार घेतल्यावाचून सुटणे कठीण.

ह्या साऱ्या अनुभवातून मदतीची रीत स्पष्ट होते. मदत करणाऱ्याने वस्तू घेऊन जाण्याआधी त्या घरी जाऊन बसावे. कोणते भांडे रोज चढते, भाकरी किती जणांची होते, पैसा कोणत्या वारी हाती येतो, छप्पर कोणाच्या मालकीचे आहे, हे रांधणाऱ्या बाईला विचारावे. ज्यांना पैसा लागत नाही असे उपाय प्रथम सांगावेत. डाळ आणि कडधान्य आधी भिजत घालावे. भांड्यावर झाकण ठेवावे. पाण्याला उकळी आली की जाळ कमी करावा, कारण उघड्या भांड्यातील पाणी उकळीपलीकडे अधिक तापत नाही. मोठ्या जाळाने फक्त वाफ वाढते. ओले सरपण घरात आणून वाळवावे, कारण ओल्या लाकडाच्या शक्तीचा काही भाग स्वतःचे पाणी आटविण्यात जातो. प्रेशर कुकर असेल तेथे आतले पाणी १२० अंशांच्या आसपास तापते आणि डाळ लवकर शिजते. तेव्हा बचतगटाने हप्त्यावर कुकर मिळवून देणे हे लहान दिसले तरी भक्कम साहाय्य आहे. पैसा लागणारे उपाय त्यानंतर यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा त्याच दारी जावे. काय बंद पडले, काय गैरसोयीचे झाले, हे विचारावे आणि ते दुरुस्त करावे.

डॉ. राजूंच्या पुस्तिकेला सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. चुलीचे शास्त्र तेव्हाही ठाऊक होते. आज ते अधिक ठाऊक आहे. कमी पडली ती चूल बसविल्यानंतरची आस्था. वस्तू एका दिवसात देता येते. सवय, दुरुस्ती आणि विश्वास ह्यांना वेळ लागतो. नऊ मोळ्यांपैकी दोन-तीन जरी वाचल्या, तरी एखाद्या बाईला रानातली एक फेरी कमी पडेल. तो वेळ तिचा स्वतःचा असेल. हिशेबाच्या वहीत त्याला रकाना नसला, तरी घराच्या सुखात त्याची जमा होतेच.