दोन गांवांमधील वाट कोणासाठीं?
(ज्युबिलीच्या समारंभांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं वक्त्यानें गत वर्षांचा आढावा घ्यावा, मंदिराच्या इमारतीचें व उपकारकर्त्यांचें स्मरण करावें, असा प्रघात आहे. तें काम माझ्याहून अधिक अधिकारी वक्ते करितीलच. मला आज जो विषय आपणांपुढें मांडावयाचा आहे तो इमारतीचा नाहीं. इमारतीपर्यंत येणाऱ्या वाटेचा आहे. एका गांवाहून शेजारच्या गांवीं जाणारी साधी पाऊलवाट आपल्या धाराशिव जिल्ह्यांत कोणाला खुली आहे आणि कोणाला बंद आहे, एवढाच प्रश्न मीं घेतला आहे. विषय लहान दिसतो. परंतु ज्याचे पाय थकले आहेत त्याच्या दृष्टीनें याहून मोठा विषय क्वचितच असेल.

उदाहरणादाखल तुळजापूर तालुक्यांतील अणदूर आणि नळदुर्ग हीं दोन गांवें घेऊं. दोन्ही गांवें सोलापूर–हैदराबाद रस्त्यावर वसलेलीं आहेत, आणि धडधाकट मनुष्याला एका सकाळींत पायीं जाऊन परत येतां येईल इतकीं तीं जवळ आहेत. नळदुर्ग हें एके काळीं जिल्ह्याचें ठिकाण होतें. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जिल्ह्यालाही त्याचेंच नांव होतें. सन १८५३ सालीं निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला, तेव्हां कॅप्टन मेडोज टेलर हा अंमलदार येथें येऊन राहिला. सन १८६० सालीं मुलूख निजामाकडे परत गेला. अंमलदार आले, गेले; परंतु या दोन गांवांमधील जाण्यायेण्याचें नातें कोणत्याही अंमलावर अवलंबून राहिलें नाहीं.

त्या नात्याचें एक कारण आपल्या हिंदु शेजाऱ्यांच्या एका रीतींत आहे. अणदूर आणि नळदुर्गाजवळील मैलारपूर या दोन ठिकाणीं खंडोबाचीं देवळें आहेत. देवळें दोन, मूर्ति मात्र एकच. वर्षांतील सुमारें सव्वादहा महिने ती अणदुरास असते आणि पावणेदोन महिने मैलारपुरास. पौष पौर्णिमेस मैलारपुरास मोठी यात्रा भरते. मूर्ति नेतांना व परत आणतांना दोन्ही गांवचे मानकरी आपसांत लेखी करार करितात. आपली श्रद्धा निराळी आहे, म्हणून त्या विधीविषयीं बोलण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु शेजारधर्म म्हणून त्यांतील एक गोष्ट आपणही मनांत ठेवण्यासारखी आहे. दोन गांवांमधील वाट म्हणजे केवळ तुडविलेली माती नव्हे. तें दोन गांवांनीं एकमेकांस दिलेलें वचन आहे. वचन पाळलें तर वाट राहते; पाळलें नाहीं तर नकाशावर ती असली तरी जमिनीवर राहत नाहीं.

सणाचा दिवस सरला म्हणजे या वाटांवरून कोण चालतें? मोलमजुरीस जाणारी बाई, शाळेंतील मूल, बाजारास निघालेला म्हातारा, औषधासाठीं निघालेला रोगी. अणदूर येथेंच ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ नांवाची संस्था आहे. तिनें खेड्यापाड्यांतील साध्या स्त्रियांना आरोग्यसेवेचें शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलें. दवाखान्यापर्यंत ज्याचे पाय पोंचत नाहींत त्याच्या दारीं सेवेनें स्वतः गेलें पाहिजे, हा विचार त्या कामांत स्पष्ट दिसतो. विचार उत्तम आहे. पण त्या सेविकेलाही वाट लागतेच. आणि दुखणें वाढलें तर रोग्याला त्याच वाटेनें न्यावें लागतें.

आतां या वाटांची स्थिति पाहूं. पायीं जाणाऱ्यापुढें दोन अडचणी उभ्या असतात. पहिली अडचण मोठ्या रस्त्याची. पूर्वीं ज्या रस्त्यावरून बैलगाडी व पादचारी सोबतीनें जात, तोच रस्ता आतां रुंद झाला असून त्यावरून दूरदेशींचीं वाहनें भरधाव जातात. रस्ता रुंद झाला हें चांगलेंच झालें. व्यापार वाढला, दूरचें शहर जवळ आलें. परंतु ज्याला केवळ रस्त्यापलीकडील वस्तीवर जावयाचें आहे, त्या काठी टेकीत चालणाऱ्या मनुष्याला पलीकडची बाजू पूर्वींपेक्षां दूर झाली. हातानें फिरविण्याच्या तीनचाकी गाडीवरील अपंगाला तर मधला दुभाजक म्हणजे भिंतच आहे.

दुसरी अडचण पाणंदीची. आपली जमीन काळी. पावसाळ्यांत ती फुगते, पायांना चिकटते, आणि दहा पावलांत वहाण शेरभर जड होते. उन्हाळ्यांत तीच जमीन भेगाळते. गाडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात आणि त्यांत म्हाताऱ्याचा पाय मुरगळतो. दोन्ही बाजूंनीं वेड्या बाभळी वाढतात. शिवाय दरवर्षीं नांगरणीच्या वेळीं वाटेकडील एखादा तास पुढें सरकतो. भावाभावांच्या वांटणींत शेत लहान झालेलें असतें. म्हणून शेतकऱ्याला वीतभर जागेचाही मोह पडतो. एका वर्षीं हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं; वीस वर्षांनीं गाडीवाट पाऊलवाट झालेली असते आणि पाऊलवाट बांध झालेली असते.

आपल्या जिल्ह्यानें याहून मोठें स्थित्यंतरही सोसलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. घरें नवीं मिळालीं. परंतु शेतें जेथल्या तेथेंच राहिलीं, आणि कित्येकांना घरापासून शेताचें अंतर वाढलें. त्या पहाटे जायबंदी झालेल्यांपैकीं जे हयात आहेत, त्यांपैकीं पुष्कळजण आज वार्धक्याला पोंचले आहेत. गांव दोनचार वर्षांत बांधतां येतें. वाट रुळावयास पिढ्या लागतात, ही गोष्ट त्या गांवकऱ्यांनीं अनुभवानें जाणली आहे.

येथें कोणी म्हणेल, “ही गरिबांची अडचण आहे, सरकारनें जागा द्यावी, पैसा द्यावा, मग वाट होईल.” जागेपुरतें तरी हें म्हणणें खरें नाहीं. गांवच्या नकाशावर पाहा. दुहेरी तुटक रेषेनें गाडीवाट दाखविलेली असते आणि एकेरी तुटक रेषेनें पायवाट. महसूल खात्याच्या रूढ मोजमापाप्रमाणें हद्दीवरील ग्रामीण गाडीवाटेची रुंदी १६॥ ते २१ फूट आणि पायवाटेची रुंदी ८। फूट धरली जाते. सवाआठ फूट म्हणजे अडीच मीटर. आतां दुसरें मोजमाप ऐका. अपंगांच्या सोयीसाठीं शहरांतील पदपथ मोकळा किती असावा, तर निदान १.८ मीटर, असें सध्यांचे नियम सांगतात. तेवढ्या जागेंत दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींशेजारून जाऊं शकतात. म्हणजे बंधूंनो, शहरांतील पदपथाला जेवढी रुंदी हवी तिच्याहून अधिक रुंदी आपल्या खेड्यांतील साध्या पायवाटेला नकाशानें आधींच दिलेली आहे! उणीव हक्काची नाहीं. हक्क कागदावर अडीच मीटर आहे; जमिनीवर त्याचा हातभरच भाग उरला आहे.

ही जागा परत मिळविण्याचे मार्गही कायद्यांत आहेत. ते आपणांस ठाऊक असावेत म्हणून थोडक्यांत सांगतों. चालू वाट कोणी अडविली, तर मामलतदार कोर्ट कायदा, १९०६, याच्या कलम ५ खालीं तहसीलदारापुढें दावा दाखल करितां येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत तो केला पाहिजे. ज्या शेतकऱ्याच्या शेताला वाटच नाहीं, त्याला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, याच्या कलम १४३ प्रमाणें शेजाऱ्यांच्या बांधावरून वाट मागतां येते. सन २०२१ मध्यें राज्य सरकारनें शेत व पाणंद रस्त्यांसाठीं ‘मातोश्री’ या नांवाची योजना जाहीर केली. सन २०२५ मध्यें शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यांत व्हावी, असा निर्णयही झाला. अपंगांच्या हक्कांसंबंधींचा सन २०१६ चा कायदा तर कलम ४१ मध्यें अपंगांना वापरतां येतील असे रस्ते देण्याचें कर्तव्य सरकारवरच ठेवितो. हा प्रश्न थोडक्या लोकांचा आहे असेंही कोणीं समजूं नये. सन २०११ च्या खानेसुमारींत आपल्या देशांत २ कोटि ६८ लक्ष अपंग मोजले गेले. त्यांपैकीं शंभरांतील ६९ खेड्यांत राहणारे होते.

तथापि कज्जेदलालीनें मिळालेली वाट फार दिवस टिकत नाहीं. तहसीलदार अडथळा दूर करील. शेजाऱ्याच्या मनांतील कांटा कसा दूर करील? यासाठीं मला पवित्र शुभवर्तमानांतील एका प्रसंगाची आठवण होते. कफर्णहूम येथें प्रभु ज्या घरांत बोध करीत होता, तेथें एका पक्षाघाती मनुष्याला चौघांनीं उचलून आणिलें. परंतु दाराशीं इतकी दाटी होती कीं आंत जातां येईना. अखेर त्यांनीं छप्पर उघडून त्याला खालीं सोडिलें. त्या चौघांच्या श्रद्धेची आपण नेहमीं स्तुति करितों, आणि ती योग्यच आहे. पण दार कोणीं अडविलें होतें, याचा विचार आपण क्वचितच करितों. ते दुष्ट लोक नव्हते; प्रभूचा बोध ऐकावयास जमलेले सज्जनच होते. त्यांच्यापैकीं एकालाही वाटलें नसेल कीं आपली पाठ कोणाची वाट अडवीत आहे. आपल्या पाणंदी अडविणारेही बहुधा असेच सज्जन असतात. म्हणून दोष देत बसण्यापेक्षां मागें वळून पाहण्याची संवय लावणें अधिक उपयोगाचें आहे.

वाट कशी करावी, याचा धडा नळदुर्गच्या किल्ल्यांतच आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, सन १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर तेथें दगडी बांध घालून त्याच्या पोटांत पाणीमहाल बांधिला. चारशें वर्षें झालीं, बांध उभा आहे. याचें एक कारण असें कीं बांधणाऱ्यांनीं पाण्याला नुसतें अडविलें नाहीं. पूर आला म्हणजे तें कोठून जाईल, याची सोय करून ठेविली. नर आणि मादी या नांवांनीं प्रसिद्ध असलेले धबधबे म्हणजे तीच सोय होय. आपल्या पाणंदींवर मुरूम पडतो आणि पहिल्या पावसांत वाहून जातो, कारण पाण्याला दुसरी जागा नसते. पाण्याला त्याची वाट दिली नाहीं, तर तें आपली वाट घेतें. म्हणून आधीं दोन्ही बाजूंस चर, ओघळीवर लहानशी मोरी, मध्यें किंचित् उंचवटा, आणि मग मुरूम, असा क्रम असावा.

याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी हव्यात. त्यांना खर्च थोडा लागतो. जेथें चढ आहे तेथें तो बारा फुटांस एक फूट याहून अधिक तीव्र नसावा, म्हणजे चाकाची खुर्ची एकट्यालाही चढवितां येते. जेथें वाट बांध ओलांडते तेथें पायऱ्या न करितां उतार करावा. पायरी धडधाकटाला सोयीची असते, उतार सर्वांनाच सोयीचा असतो. आणि अर्ध्या वाटेवर एखादें झाड व त्याखालीं बसण्यापुरता ओटा असावा. तरुणाला त्याची गरज भासत नाहीं. पण ज्याला विसावा मिळेल अशी खात्री नाहीं, तो म्हातारा घरून निघतच नाहीं.

आतां माझी विनंति सांगून भाषण पुरें करितों. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबें निरनिराळ्या वस्त्यांवर राहतात. प्रत्येक वस्तींतील दोघाचौघांनीं यंदाच्या पावसाळ्यापूर्वीं गांवच्या नकाशाची प्रत मिळवावी. मग एके सकाळीं शेजारच्या गांवापर्यंतची वाट पायीं चालावी. मात्र त्यांच्यापुढें वस्तींतील सर्वांत सावकाश चालणारा मनुष्य असावा, मग तो काठीवाला म्हातारा असो, लंगडणारें मूल असो, वा चाकाच्या खुर्चींत बसणारी बहीण असो. तो जेथें थांबेल तेथें खूण करावी. त्याला कशानें अडविलें तें लिहून घ्यावें. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, सोबत बोलवावें आणि ती यादी ग्रामसभेपुढें ठेवावी. दोन गांवांना वाट पाळण्याचा लेखी करार करितां येतो, हें अणदूर–नळदुर्गानें दाखविलें आहे. तसा करार आपणही आपल्या शेजारगांवाशीं करावा, आणि दरवर्षीं तो नवा करावा.

मंदिर बांधण्यास आपल्या वाडवडिलांनीं दगड वाहिले. आपल्या वांट्याला त्याहून हलकें काम आलें आहे. आपण फक्त वाटेंतील दगड बाजूला काढावयाचे आहेत.