टर्बाईन घेण्याआधी पाण्याची चाल बघा

(संघाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संध्याकाळ झाली की आपल्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या भीतीनं गोठ्यापर्यंत जायचं म्हटलं तरी छातीत धडधडतं. वाटेवर दिवा हवा, ही मागणी शिरूरच्या गटांतून येते तशी दौंडच्या गटांतूनही येते. त्यात आता कुणी येऊन सांगतं, “कॅनॉलच्या वाहत्या पाण्यात टर्बाईन टाका, वीज फुकट.” पाणी फुकट आहे खरं, पण टर्बाईन फुकट नाही. पैसा जाणार तो आपल्या बचतीचा नाहीतर कर्जाचा. म्हणून ठराव लिहिण्याआधी जागा कशी पारखायची ते समजून घेऊ.

पहिली गोष्ट, हे पाणचक्कीसारखं नाही. छत्रपती संभाजीनगरची जुनी पाणचक्की वरून पडणाऱ्या पाण्यावर फिरायची. आपण बोलतोय ते टर्बाईन पाणी न अडवता नुसत्या प्रवाहावर फिरतं. त्यामुळे सगळं अवलंबून आहे पाण्याच्या वेगावर.

वेगाचा हिशोब मोठा कडक आहे. वेग दुप्पट झाला तर ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. एक मीटर लांब-रुंद तोंडाचं टर्बाईन धरा. पाणी सेकंदाला 1 मीटर चालत असेल तर घसारा जाऊन साधारण 150 वॅट हाती येतात. वेग दीड मीटर असेल तर 500 वॅट. आणि अर्धा मीटरच असेल तर 20 वॅटसुद्धा नाहीत, म्हणजे दोन बल्ब. विक्रेता “एक किलोवॅटचं मशीन” म्हणाला की लगेच विचारा, “दादा, पाण्याच्या किती वेगाला?” आपल्या पाण्याचा वेग तेवढा नसेल तर ते मशीन आपलं नाही.

वेग मोजायला इंजिनिअर लागत नाही. काठावर सरळ 20 मीटर अंतर दोरीनं मोजून दोन खुणा करा. वरच्या बाजूनं प्रवाहाच्या मध्यात नारळ टाका आणि दोन खुणांमधला वेळ मोबाईलवर बघा. असं तीनदा करून सरासरी काढा. 20 ला त्या सेकंदांनी भागा. वरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून आलेल्या आकड्याला 0.8 नं गुणा. 16 सेकंद लागले तर सव्वा मीटर, गुणून झाला 1 मीटर. मोजायला एकटीनं जायचं नाही, लेकरं न्यायची नाहीत, आणि पाण्यात पाय घालायचा नाही. अस्तरीकरणाचा उतार शेवाळानं निसरडा असतो, पाय सुटला की वर येता येत नाही.

आता जागा. भीमा, घोड आपल्या उशाशी आहेत, पण नदीला भुलू नका. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना ढापे बसतात आणि पाणी तळ्यासारखं थांबतं. दौंडच्या खालच्या अंगाला तर उजनीचा फुगवटा. पावसाळ्यात उलट पूर येतो, झाडं-ओंडके वाहत येतात, मशीन टिकत नाही. टाकळी हाजीजवळ कुकडीतले रांजणखळगे पाहिलेत ना? पाण्यानं काळा पाषाण कोरलाय! पण ते जोराचं पाणी बारमाही नसतं. शिवाय मुळा-मुठेकडून येणारी जलपर्णी पात्यांत अडकते ती वेगळीच.

त्यामानानं कालवा बरा. शिरूरला चासकमानचा, दौंडला खडकवासल्याचा. त्यात सरळ, अस्तर असलेला, थोडा अरुंद तुकडा शोधा, कारण अरुंद झालं की पाणी पळतं. वळण नको, दाराच्या मागचा फुगवटा नको. आवर्तन संपत येताना पाणी उतरतं, तेव्हाही पाती बुडलेली राहतील एवढी खोली हवी. जिथं दिवा लावायचा ती जागा जवळ हवी, नाहीतर वायरचा खर्च वाढतो आणि वीज वाटेतच जिरते.

पण कालव्याची गोम आवर्तनात आहे. पाटकऱ्याला विचारून मागच्या तीन वर्षांत आपल्या तुकड्यात किती दिवस पाणी होतं ते लिहून घ्या. समजा 100 दिवस. 150 वॅटचं मशीन रात्रंदिवस फिरलं तरी दिवसाला 3.6 युनिट, वर्षाला 360. एक किलोवॅटचं सोलर आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट देतं, आणि पाळी नसली तरी देतं. हा हिशोब मांडल्यावर बऱ्याच गावांना सोलर दिवाच परवडेल, आणि तसं ठरवण्यात कमीपणा काही नाही. जिथं वेग दीड मीटरच्या आसपास आहे आणि पाणी बरेच महिने आहे, तिथंच पुढचा विचार करा.

आणि परवानगी. कालवा जलसंपदा विभागाचा आहे. टर्बाईन टाकलं की मागं पाणी थोडं चढतं, काठ फुटू शकतो, टेलच्या शेतकऱ्याची तक्रार येते. तेव्हा लेखी परवानगी हातात पडेपर्यंत एक रुपयाही आगाऊ द्यायचा नाही.

तर तायांनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक ग्रामसंघानं तीन आकडे वहीत लिहून आणायचे: पाण्याचा वेग, आवर्तनाचे दिवस आणि दिव्यापर्यंतचं अंतर. ते तीन आकडे समोर असले की टर्बाईन घ्यायचं की सोलर, हे विक्रेत्यानं नाही, आपण ठरवायचं.