साय कुठे गेली?
(मंडळाच्या गणेशोत्सवात म्हैसूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० साली याच म्हैसूरमध्ये सुरू झाली. त्यामुळे आज समोर या क्षेत्रातले सहकारीही आहेत आणि इथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही. तेल आणि पाणी एकत्र नांदवणे हा माझ्या संशोधनाचा विषय. पण मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळाच आहे : "पाकिटातल्या दुधावर पूर्वीसारखी साय येत नाही. भेसळ असते का हो?"

दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्धाचे थेंब. अशा मिश्रणाला शास्त्रीय मराठीत 'पायस' म्हणतात. गाईच्या ताज्या दुधातला थेंब सरासरी ३ ते ४ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट. तो पाण्याहून हलका, म्हणून वर येतो.

१८९९ साली फ्रान्समध्ये ऑगुस्त गोलँ यांनी होमोजिनायझर या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात दूध प्रचंड दाबाने बारीक फटीतून जाते आणि थेंब फुटतात. ४ मायक्रॉनच्या एका थेंबाचे अर्ध्या मायक्रॉनचे थेंब केले, तर ५१२ होतात. स्निग्ध तेवढेच राहते, पृष्ठभाग मात्र आठपट होतो. इतका लहान थेंब वर यायला ६४ पट वेळ लावतो. साय धरत नाही त्याचे मुख्य कारण हे. शिवाय टोन्ड दुधात स्निग्धांश मुळातच ३ टक्के, फुल क्रीममध्ये ६ टक्के.

आता गंमत पाहा. थेंबाचा मूळ अंगरखा आठपट अंगाला कसा पुरणार? मग दुधातलीच प्रथिने, मुख्यतः केसीन, क्षणार्धात धावून येतात आणि उघड्या पृष्ठभागाला चिकटतात. त्यांचा पाणी टाळणारा भाग स्निग्धाकडे वळतो, पाणी मानणारा बाहेर राहतो. हा नवा अंगरखा थेंबांना पुन्हा एक होऊ देत नाही. म्हणूनच अशा दुधाचे विरजण कितीही घुसळले तरी लोणी नीट निघत नाही. घरी तूप कढवायचे असेल, तर होमोजिनाइज न केलेले दूध घ्यावे.

हेच शास्त्र लबाडांनाही ठाऊक असते. प्रथिनांच्या जागी डिटर्जंट वापरून खाद्यतेल पाण्यात मिसळले, की दुधासारखा पांढरा द्रव तयार होतो. तोही पायसच, पण तो पोटात जाता कामा नये. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी १२ नमुन्यांत घातक भेसळ आढळली. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण त्या बारांपैकी एखादे दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात गेलेच असते.

डोळ्यांना दोन्ही पांढरेच दिसते. म्हणून माझी एवढीच विनंती : साय पातळ आली म्हणून प्रामाणिक दूधवाल्यावर आळ घेऊ नका, आणि साय जाड आली म्हणून निर्धास्तही राहू नका. पाकिटावरचा मजकूर वाचा, सुटे दूध उकळूनच घ्या आणि शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.



गणपती बाप्पा मोरया!